डोक्याला मार : वाचल्यानंतरची वर्षे

लेण्याद्रीच्या पायथ्यापासून गिरिजात्मजाच्या गाभाऱ्यापर्यंत तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. अपघातात डोक्याला मार लागून आठ-पंधरा दिवस बेशुद्ध पडलेला आणि त्यातून बचावलेला एखादा तरुण वर्षभराने नवस फेडायला त्या पायऱ्या चढून जातो, तेव्हा सगळ्या भावकीला वाटते की गडी बरा झाला. हात चालतात, पाय चालतात, ऑपरेशनचा व्रण केसांखाली लपला आहे. मग आता राहिले काय?

घरी त्याच्या बायकोला मात्र वेगळाच माणूस दिसत असतो. सकाळी सांगितलेले दुपारी त्याच्या लक्षात राहत नाही. विहिरीवरची मोटार बंद करायला गेला की वाटेतच विसरतो. दोन माणसे एकदम बोलू लागली की डोके धरून बसतो. भाजीत मीठ कमी पडले म्हणून ताट भिरकावतो आणि अर्ध्या तासाने काही घडलेच नाही असा वागतो. पूर्वी बाजारातून आलेली टोमॅटोची पट्टी एका नजरेत तपासणारा हा माणूस आता दुकानातून सुटे पैसे मोजून घेऊ शकत नाही. गावात कोणी म्हणते आळशी झाला, कोणी म्हणते नाटक करतो, कोणी बाहेरचे काही पाहून घ्यायला सांगतो. त्याला स्वतःला विचारले तर तो म्हणतो, "मला काय झालंय? मी ठणठणीत आहे."

हे नाटक नाही आणि बाधाही नाही. मेंदूला झालेल्या दुखापतीचे हे नेहमीचे परिणाम आहेत. मार लागल्यानंतरचे पहिले काही दिवस सगळ्यांना दिसतात. रुग्णवाहिका, सीटी स्कॅन, आयसीयू, रक्ताच्या बाटल्या, नातेवाइकांची धावपळ यांत ते जातात. त्यानंतरची दहा, वीस, तीस वर्षे कोणाला दिसत नाहीत. आपल्या आरोग्यव्यवस्थेत त्या वर्षांसाठी जागाही फारशी नाही.

या भागात डोक्याला मार कसा लागतो?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांमधून पुणे-नाशिक महामार्ग जातो. आळेफाट्यावर त्याला माळशेज घाटातून येणारा कल्याण-अहिल्यानगर महामार्ग छेदतो. या रस्त्यांवर लांब पल्ल्याचे ट्रक, भाविकांच्या गाड्या, नारायणगावच्या बाजाराकडे निघालेले टोमॅटोचे टेम्पो आणि गळीत हंगामात उसाने खचाखच भरलेले ट्रॅक्टर एकाच वेळी धावत असतात. रात्री रस्त्याकडेला उभी असलेली, मागे दिवा किंवा परावर्तक नसलेली उसाची ट्रॉली दुचाकीस्वाराला अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. लेण्याद्री आणि ओझर ही अष्टविनायकांपैकी दोन स्थाने याच तालुक्यात असल्याने चतुर्थीला आणि सुट्टीच्या दिवशी गर्दी आणखी वाढते.

सगळेच मार रस्त्यावरचे नसतात. पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यात हिरडा गोळा करण्यासाठी माणसे उंच झाडांवर चढतात आणि फांदी मोडली की खाली येतात. घराची कौले बदलताना, विहिरीचे काम करताना, बैलगाडा शर्यतीच्या घाटात गर्दीत उभे असताना डोक्याला मार लागतो. म्हातारी माणसे न्हाणीघरात घसरतात. दुचाकीवर मागे एका बाजूला बसलेली स्त्री गतिरोधकावर उडून पडते. पदर किंवा ओढणी चाकात अडकूनही असे अपघात होतात.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांतले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते आणि हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५० हजारांहून अधिक होती. महाराष्ट्रात त्या वर्षी १५ हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर गेली. हे आकडे मृत्यूंचे आहेत. त्याच अपघातांतून जिवंत राहिलेल्यांपैकी किती जणांच्या मेंदूला कायमची इजा झाली, हे या आकड्यांत दिसत नाही. जगभरात दरवर्षी साधारण ६ कोटी ९० लाख लोकांना मेंदूची आघातजन्य दुखापत होते, असा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अंदाज आहे. त्यांतले बहुसंख्य आपल्यासारख्या मध्यम आणि कमी उत्पन्नाच्या देशांतले आहेत.

आत काय घडते?

मेंदू दह्यासारखा मऊ असतो आणि कवटीच्या कडक डब्यात पाण्यावर तरंगल्यासारखा बसलेला असतो. वेगात जाणारे डोके अचानक थांबले की मेंदू आतल्या आत पुढे आपटतो आणि मागे हेलकावतो. कवटीच्या पुढच्या आणि बाजूच्या आतल्या भागाला हाडांच्या खरखरीत कडा आहेत. त्यामुळे मार कुठेही लागला तरी कपाळामागचा आणि कानशिलामागचा भाग जास्त सोलवटतो. कपाळामागच्या भागात विचार करून वागणे, राग आवरणे, कामाची आखणी करणे या गोष्टी असतात. कानशिलामागच्या भागात नव्या आठवणी साठवल्या जातात. हात-पाय हलवणारा भाग वाचला आणि हे दोन भाग दुखावले, तर माणूस लेण्याद्री चढतो पण घर चालवू शकत नाही.

दुसरी इजा आणखी सूक्ष्म असते. मेंदूच्या पेशींना जोडणारे लाखो बारीक तंतू हेलकाव्याने ताणले जातात, तुटतात. साध्या सीटी स्कॅनमध्ये हे बहुतेक वेळा दिसत नाही. म्हणून "स्कॅन नॉर्मल आहे" याचा अर्थ "रक्तस्राव नाही, ऑपरेशनची गरज नाही" एवढाच घ्यायचा. मेंदूला काहीच झाले नाही, असा त्याचा अर्थ नाही.

दुखापत किती गंभीर आहे हे ठरवण्यासाठी जगभर 'ग्लासगो कोमा स्केल' वापरतात. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये तो मांडला. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना मिळून ३ ते १५ गुण दिले जातात. १३ ते १५ म्हणजे सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा त्याहून कमी म्हणजे तीव्र दुखापत. आणखी एक खूण घरच्यांनाही कळते. अपघातानंतर किती दिवसांनी रुग्णाला रोजच्या घडामोडी सलग आठवू लागल्या? डोळे उघडले, बोलू लागला, तरी काल कोण भेटायला आले होते हे आठवत नसेल, तर तो काळ अजून संपलेला नाही. हा काळ एका आठवड्याहून लांबला तर दुखापत तीव्र समजावी आणि पुढची वाट लांबची आहे असे धरून तयारी करावी.

मागे काय राहते?

मेंदूची दुखापत म्हणजे एकदा घडून संपलेला प्रसंग, असे पूर्वी मानले जाई. आता ती मधुमेहासारखी दीर्घकाळ सांभाळण्याची स्थिती मानावी, असे तज्ज्ञ सांगतात. २०२२ मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी' या नियतकालिकाच्या आयोगानेही हेच मत मांडले. याला आधार आहे तो वर्षानुवर्षे रुग्णांचा पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांचा. अमेरिकेत १९८७ पासून असा पाठपुरावा चालू आहे. मध्यम किंवा तीव्र दुखापतीनंतर रुग्णालयात राहून पुनर्वसनाचे उपचार घेतलेल्यांची पाच वर्षांनंतरची स्थिती त्यातून अशी दिसली : २२ टक्के मरण पावले होते, ३० टक्क्यांची प्रकृती आधीपेक्षा खालावली होती, २२ टक्के होते तसेच होते आणि २६ टक्के सुधारले होते. अपघाताच्या वेळी नोकरी-काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण पाच वर्षांनी कामावर नव्हते. उत्तम पुनर्वसन मिळालेल्यांची ही स्थिती आहे. ज्यांना ते मिळतच नाही, त्यांच्याबद्दल वेगळे सांगायला नको.

याच आकड्यांची दुसरी बाजूही पाहायला हवी. पाच वर्षांनंतरही चौथा हिस्सा रुग्ण सुधारत होते. "सहा महिन्यांत जे व्हायचे ते होते, नंतर काही नाही" हे वाक्य रुग्णालयात अनेकदा ऐकू येते. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते हे खरे आहे. पण ती पुढेही वर्ष-दोन वर्षे, कधी त्याहूनही जास्त काळ, हळूहळू होत राहू शकते. भारताचे कसोटी कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांना मार्च १९६२ मध्ये बार्बाडोस इथे चेंडू लागून कवटीला गंभीर इजा झाली. जीव वाचवण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागली. वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी त्यांच्यासाठी रक्त दिले. कॉन्ट्रॅक्टर पुन्हा कसोटी खेळले नाहीत, पण दोन वर्षांत प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये परतले. त्यांच्या कवटीत बसवलेली धातूची पट्टी साठ वर्षांनी, २०२२ मध्ये, मुंबईत काढावी लागली. बरे होणे आणि दुखापतीची सोबत राहणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात असू शकतात.

घरच्यांनी ओळखायला हव्यात अशा काही गोष्टी :

स्मरणशक्ती आणि लक्ष. जुने सगळे आठवते, नवे टिकत नाही. म्हणून लोकांना वाटते की हा सोयीचे तेवढेच लक्षात ठेवतो.

थकवा. दोन तास काम केले की मेंदू दमतो. हा आळस नव्हे. विश्रांती देऊन काम वाटून दिले तर तोच माणूस दिवसभरात बरेच करतो.

राग आणि संकोच सुटणे. चारचौघांत नको ते बोलणे, पैसे उधळणे, क्षणात भडकणे हे कपाळामागच्या भागाच्या इजेमुळे होते. आपल्यात बदल झाला आहे हेच रुग्णाला जाणवत नाही, हाही त्याच इजेचा भाग आहे.

उदासी. ज्याला आपली अवस्था कळते, त्याला नैराश्य येण्याची शक्यता मोठी असते. आत्महत्येचे विचार बोलून दाखवले तर ते कधीही हसण्यावारी नेऊ नयेत.

आकडी. अपघातानंतर महिन्यांनी, अगदी काही वर्षांनीही फिट येऊ शकते. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात तीस वर्षांच्या काळात तीव्र दुखापत झालेल्या सुमारे १७ टक्के, मध्यम दुखापतीच्या ४ टक्के आणि सौम्य दुखापतीच्या २ टक्के लोकांना आकडीचा आजार झाला. विहिरीच्या काठावर, झाडावर, ट्रॅक्टरवर किंवा चुलीजवळ आलेली आकडी जीव घेऊ शकते.

वास जाणे. डोक्याच्या आघाताने वासाच्या नाजूक तंतूंना इजा होते. गॅस गळतो आहे, भाजी करपली, दूध नासले हे त्या माणसाला कळत नाही. रुग्ण स्त्री असेल आणि घरात एकटीच स्वयंपाक करत असेल, तर हे आवर्जून विचारायला हवे.

संप्रेरकांची कमतरता. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी दुखावली तर सतत गळून जाणे, पाळी बंद होणे, लैंगिक इच्छा जाणे असे त्रास उद्भवतात. रक्ताच्या तपासणीत ते कळते आणि औषधाने सुधारते. पण कोणी विचारलेच नाही तर वर्षानुवर्षे दडून राहते.

सौम्य दुखापतीलाही हलके समजू नये. अमेरिकेतील मोठ्या ट्रॉमा केंद्रांमध्ये आलेल्या 'सौम्य' दुखापतीच्या रुग्णांपैकी ५३ टक्क्यांनी वर्षभरानंतरही रोजच्या जगण्यात काही ना काही अडचण सांगितली. मुलांमध्ये इजा आणखी उशिरा कळते. दुसरीतल्या मुलाला मार लागतो, तो बरा होऊन शाळेत जातो आणि सहावी-सातवीत अभ्यास अवघड झाला की मागे पडू लागतो. तोपर्यंत त्या अपघाताची आठवण शिक्षकांना नसते, पालकही तो धागा जोडत नाहीत. वृद्धांमध्ये साध्या पडण्यानंतर दोन-चार आठवड्यांनी कवटीच्या आत हळूहळू रक्त साठते. आजोबा चालताना झुकू लागले, झोपाळू झाले, बोलणे असंबद्ध झाले, तर ते वयामुळे आहे असे समजू नये. वेळेत स्कॅन केले तर तुलनेने लहान शस्त्रक्रियेने ते पूर्ववत होऊ शकतात.

सात दिवस आणि पुढची वर्षे

अपघातानंतरच्या पहिल्या तासांसाठी गेल्या दहा-बारा वर्षांत राज्यात बरेच काही उभे राहिले. '१०८' ची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून डोक्याच्या शस्त्रक्रिया मोफत होतात. मे २०२५ मध्ये केंद्राने अधिसूचित केलेल्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला पहिल्या सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळू शकतात. ही मोठी सोय आहे आणि तिच्यामुळे जी माणसे पूर्वी वाटेतच दगावली असती, ती आता वाचतात.

पण अडचण इथूनच सुरू होते. वाचलेला माणूस आठव्या दिवशी, पंधराव्या दिवशी, महिन्याने घरी येतो. नाकात नळी, लघवीची नळी, कधी गळ्याला पाडलेले छिद्र, एक बाजू लुळी. हातात इंग्रजीत लिहिलेले डिस्चार्ज कार्ड आणि "एक महिन्याने दाखवा" ही सूचना. मेंदू शल्यचिकित्सक पुण्यात किंवा पिंपरीत. जुन्नरहून पुणे नव्वद-शंभर किलोमीटर, आणि तालुक्याच्या पश्चिम टोकाच्या वाड्यांवरून आधी जुन्नर गाठायलाच तास-दीड तास. अशा रुग्णाला एसटीत नेता येत नाही. खासगी गाडीचे भाडे, दोन माणसांची बुडालेली मजुरी आणि तपासणी दहा मिनिटांची. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर घरचे जाणे थांबवतात, त्यात नवल नाही.

या रुग्णाला त्या काळात कोण लागते? चालणे-बसणे शिकवायला फिजिओथेरपिस्ट. आंघोळ, कपडे, जेवण, शेतातली कामे पुन्हा शिकवायला ऑक्युपेशनल थेरपिस्ट. बोलणे आणि गिळणे सुधारायला वाचा-उपचारतज्ज्ञ. स्मरण आणि वागणूक पाहायला मानसशास्त्रज्ञ, गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञ. नळ्या आणि जखमा सांभाळायला परिचारिका. आणि या सगळ्यांना जोडणारे एक माणूस, जे कुटुंबाला सांगेल की पुढे कोणाकडे जायचे. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून हे काम करते. मोठ्या शहरांत खासगी केंद्रेही आहेत. पण तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाच्या रचनेत हा ताफा बसवलेला नाही आणि गरज तर तिथेच, घराजवळ, महिनोन्महिने असते.

मग हे सगळे काम घरातल्या बाईवर येते. आई, बायको किंवा लेक. तिला शिकवून पाठवले की काम भागेल, असा विचार अनेकदा मांडला जातो. भारतात पक्षाघाताच्या रुग्णांवर तो मोजून पाहिला गेला आहे. १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांवर झालेल्या 'अटेंड' या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. घरच्या माणसाला पुनर्वसनाचे शिक्षण देऊनही सहा महिन्यांनंतरच्या मृत्यूंत किंवा परावलंबित्वात फरक पडला नाही. कुटुंबाचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. पण प्रशिक्षित माणसांचे काम कुटुंबावर ढकलून व्यवस्थेला मोकळे होता येणार नाही, एवढे यातून स्पष्ट होते.

प्रशिक्षित शुश्रूषा काय करू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या मेंदूला १९७३ मधील हल्ल्यात कायमची इजा झाली. ती इजा गळा आवळल्याने प्राणवायू तुटून झालेली होती, आघाताची नव्हती. पण नंतरची गरज तीच होती. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, सुमारे ४२ वर्षे, तिथल्या परिचारिकांच्या एकामागून एक आलेल्या पिढ्यांनी त्यांना सांभाळले. इतकी वर्षे अंथरुणावर असूनही त्यांना शय्याव्रण होऊ दिले नाहीत, याची त्या काळात सर्वत्र दखल घेतली गेली. दर दोन तासांनी कूस बदलणे, त्वचा कोरडी ठेवणे, सावकाश भरवणे यांना महागडी यंत्रे लागत नाहीत. हात आणि शिकवण लागते. खेड्यातल्या घरी याच गोष्टी न झाल्याने शय्याव्रण चिघळतो, अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो, आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेतून वाचलेला रुग्ण सहा महिन्यांनी त्यात जातो.

कागदावर न दिसणारे अपंगत्व

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता आहे. मेंदूची आघातजन्य दुखापत हा त्यांत स्वतंत्र प्रकार नाही. हात-पाय लुळे असतील तर चलनवलनाच्या सदरात, वाचा गेली असेल तर भाषेच्या सदरात, वागणे बिघडले असेल तर मानसिक आजाराच्या सदरात मोजणी होते. ज्याचे हात-पाय शाबूत आहेत आणि स्मरण व विवेक गेला आहे, त्याला तपासणीच्या टेबलासमोर पाच मिनिटांत काहीच झालेले दिसत नाही. चाळीस टक्क्यांची मर्यादा ओलांडली नाही तर बहुतेक सवलतींचे दार बंद राहते. अशा रुग्णासाठी वागणूक आणि स्मरण यांची तपासणी मनोविकारतज्ज्ञाकडून करून घ्यावी आणि दिव्यांग मंडळापुढे तो अहवाल ठेवावा. सोबत रोज जवळ राहणारे माणूस न्यावे. रुग्ण स्वतः "मी ठीक आहे" असेच सांगणार आहे.

दुसरा धोका जमिनीचा. पुण्यापासून इथपर्यंत जमिनीला भाव आला आहे. विवेक कमी झालेला, चटकन भुलणारा माणूस कोऱ्या कागदावर किंवा साठेखतावर सही करून बसतो. रुग्ण दीर्घकाळ बेशुद्ध असेल तर त्याच्या बँकेच्या खात्यातून उपचाराला पैसे काढणेही अवघड होते. अशा रुग्णाचा पालक नेमण्यासाठी स्वतंत्र कायदा नसल्याने कुटुंबांना उच्च न्यायालयात जावे लागते आणि मुंबई उच्च न्यायालयाने अशा नेमणुका केल्या आहेत. तालुका विधी सेवा समितीकडे मोफत सल्ला मिळू शकतो.

तिसरी गोष्ट नुकसानभरपाईची. मोटार अपघात न्यायाधिकरणापुढचा दावा अनेक घरे रुग्णालयाच्या बिलांपुरता करतात. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, लहानपणी अपघातात मेंदूला तीव्र इजा झालेल्या एका मुलीच्या प्रकरणात, तिला आयुष्यभर लागणाऱ्या मदतनिसाचा खर्चही वयानुसार गुणक लावून भरपाईत धरला. म्हणजे पुढच्या सगळ्या वर्षांची शुश्रूषा हा भरपाईचा भाग आहे. ती मागायची तर उपचाराचे कागद, बिले आणि मदतनिसाच्या खर्चाची नोंद जपून ठेवावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून अर्ज लांबवू नये.

तालुक्यात काय करता येईल?

सगळेच पुण्यात करावे लागेल असे नाही. मंचरचे उपजिल्हा रुग्णालय, जुन्नर, नारायणगाव, घोडेगाव इथली ग्रामीण रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि प्रत्येक गावातल्या आशा कार्यकर्त्या ही साखळी आधीच आहे. बाळंतीण, क्षयरोगी, मधुमेही यांच्या घरी भेटी देण्याची सवय तिला आहे. त्यात डोक्याच्या दुखापतीचा रुग्ण नोंदवला जात नाही, एवढीच उणीव.

पहिली पायरी नोंदीची. मोठ्या रुग्णालयातून तीव्र किंवा मध्यम दुखापतीचा रुग्ण घरी सुटला की त्याचे नाव त्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळावे. दुसरी, मराठीत लिहिलेले डिस्चार्ज कार्ड, ज्यात औषध किती दिवस घ्यायचे, कोणत्या लक्षणांवर धावत यायचे आणि नळी कधी बदलायची हे स्पष्ट असेल. तिसरी, उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक ठरलेला दिवस, जेव्हा फिजिओथेरपिस्ट, समुपदेशक आणि वैद्यकीय अधिकारी एकत्र बसतील आणि पुण्यातले तज्ज्ञ व्हिडिओवरून सल्ला देतील. चौथी, तीन महिने, सहा महिने, एक वर्ष आणि त्यानंतर दरवर्षी एक तपासणी, ज्यात आकडी, झोप, मन, काम, वास आणि घरच्या माणसाची प्रकृती हे सहा प्रश्न विचारले जातील.

केरळने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी असे काम करून दाखवले आहे. २००८ मध्ये तिथे वेदनाशमन व परिहार सेवेचे धोरण आले आणि पुढे पंचायतींच्या मदतीने परिचारिका घरोघरी जाऊ लागल्या. कर्करोगाबरोबरच पक्षाघात आणि मणक्याच्या, डोक्याच्या दुखापतींचे रुग्णही त्या सेवेत येतात. पंचायतीचा निधी, प्रशिक्षित परिचारिका आणि गावातले स्वयंसेवक यांवर ती चालते. यातले आपल्याकडे अजिबात नाही असे काहीच नाही.

घरच्यांनी आजपासून काय करावे?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय आकडीची गोळी बंद करू नये. अचानक बंद केलेली गोळी हे आकडी उसळण्याचे मोठे कारण आहे. उलट, ज्याला आकडी आलेलीच नाही त्याला पहिल्या आठवड्यानंतरही वर्षानुवर्षे गोळी चालू ठेवण्याची गरज असतेच असे नाही. तेही विचारून घ्यावे.

दारू पूर्ण बंद. दुखावलेल्या मेंदूला ती थोडीही जास्त होते आणि दुसऱ्या अपघाताची वाट तिथूनच जाते. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत दुचाकी, ट्रॅक्टर, झाडावर चढणे आणि एकट्याने विहिरीवर जाणे नको.

दिवसाचा क्रम ठरलेला ठेवावा. भिंतीवर मोठ्या अक्षरांत कामांची यादी लावावी, मोबाइलचा गजर लावावा, एका वेळी एकच काम सांगावे. राग आला की वाद घालू नये. आवाज कमी करावा, जागा बदलावी, पंधरा मिनिटांनी बोलावे. हात उगारण्यापर्यंत वेळ जात असेल तर ते सहन करत राहणे हा उपाय नव्हे. औषधाने आणि समुपदेशनाने तो राग कमी होऊ शकतो. रुग्णासाठी आणि सांभाळणाऱ्यासाठीही 'टेलिमानस' च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलता येते.

डोकेदुखी वाढत जाणे, पुन्हा पुन्हा उलट्या, जास्त झोप, नवी आकडी, कवटीच्या जखमेतून पाणी किंवा पू येणे, यांपैकी काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आणि सांभाळणाऱ्या बाईला आठवड्यातून काही तास सुटी हवी. भावकीने नवसाला जेवढी माणसे जमवली, तेवढीच एकेक दिवस वाटून घेऊन रुग्णाजवळ बसली, तर ती बाई स्वतः आजारी न पडता पुढची वर्षे काढू शकेल.

राहिला प्रश्न मार टाळण्याचा. हेल्मेटमुळे डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो, असे जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो. गावातल्या गावात जातानाही आणि मागे बसणाऱ्यालाही ते लागते. उसाच्या ट्रॉलीला मागे लावलेली लाल परावर्तक पट्टी अगदी थोडक्या पैशांत येते. हिरड्याच्या झाडावर चढणाऱ्याने कमरेला दोर बांधून तो वरच्या फांदीला अडकवला, तर पडला तरी जमिनीपर्यंत येत नाही. मेंदूच्या पेशी एकदा मेल्या की त्या जागी नव्या सहसा उगवत नाहीत. पुनर्वसन उरलेल्या पेशींना नवे काम शिकवते, आणि ते शिकवण्यासाठी माणसे लागतात. ती माणसे तालुक्याच्या रुग्णालयात केव्हा येणार, हा प्रश्न ग्रामसभेत आणि जिल्हा परिषदेत विचारला जायला हवा. तो विचारण्याचा अधिकार अशा प्रत्येक घराला आहे.